ससा पुन्हा गवत खाईना? आधी महिना बघा

आमच्या जळगावच्या घरात दोन ससे आहेत. ढवळ्या, नाव बैलाचं आणि वजन पावणेदोन किलो; आणि त्याच्याहून थोडी हलकी चिमी. कालपर्यंत कुरुकुरु खाल्लेलं गवत एखाद्या सकाळी तसंच्या तसं पडलेलं दिसतं, हा त्यांचा जुना रोग. पहिली दोन वर्षं मी याला नखरे समजत होते. मग कॅलेंडरवर खुणा करायला लागले, तेव्हा दिसलं की खुणा तीनच ठिकाणी गोळा होतात: संक्रांतीच्या आसपास, मे महिन्यात आणि श्रावणात. लक्षण तिन्ही वेळा एकच, कारण मात्र दर वेळी वेगळं. मेमधला उपाय जानेवारीत करून काही होत नाही, हे मी करून बघितलेलं आहे.

आधी एवढं बघा

ससा फक्त गवत सोडतोय की काहीच खात नाही? कोथिंबिरीची काडी दाखवल्यावर धावत येत असेल तर वेळ आहे, पुढचं सावकाश वाचा. पण कोथिंबिरीकडेही बघत नसेल, कोपऱ्यात अंग चोरून बसला असेल, दात करकर वाजवत असेल, लेंड्या थांबल्या असतील, तर वाचत बसू नका. सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. ते मंदावलं की आत वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. शिवाय सशाला उलटी होत नाही. आत गेलेलं वरून बाहेर काढायची सोयच नाही. १० ते १२ तास तोंडात काही न घेतलेला ससा डॉक्टरकडे न्यायचा. ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

आपल्याकडे गुरांचे डॉक्टर गावोगाव आहेत, सशाचा हात असलेले थोडे. म्हणून एक गोष्ट तुम्हीच लक्षात ठेवा: अमोक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन जातीची औषधं सशाला किंवा गिनीपिगला तोंडावाटे चालत नाहीत. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक वाढतात आणि जनावर दगावू शकतं. घरात उरलेलं लहान मुलांचं गोड सिरप पाजण्याचा मोह तर अजिबात नको.

दुसरी तपासणी केरसुणीच्या टोकाला असते. रोजच्या लेंड्या बघा. मोठ्या, गोल, पिवळसर तपकिरी, चुरगळल्या तर आत गवताचा भुगा दिसतो, अशा असतील तर पोट ठीक आहे. बारीक, काळपट, कडक होत चालल्या असतील तर चार दिवसांपासून गवत कमी जातंय आणि तुम्हाला आज कळतंय. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी चिकट विष्ठा वेगळी. ती ससा स्वतःच खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. किळस करू नका. ती जमिनीवर तशीच पडून राहायला लागली, तर पेलेट (दुकानात मिळणारं गोळ्यांचं तयार खाद्य), फळं, दाणे जास्त होताहेत असं समजा.

जानेवारी: गवत संपलं, काड्या उरल्या

खान्देशात चाऱ्याला तोटा नाही. दादरचा, म्हणजे इकडच्या रब्बी ज्वारीचा, कडबा आहे, मक्याचा चारा आहे, बाजरीचं सरमाड आहे, हरभऱ्याचं कुटार आहे. म्हणून पहिल्या वर्षी मला वाटलं, एवढ्याशा जिवाला किती लागणार? चाराबाजारात गेले, एक पेंढी वाळलं गवत आणलं. ढवळ्यानं त्यातली चार पानं वेचून खाल्ली आणि बाकीच्यावर आंघोळ केल्यासारखा लोळला. परत गेले. चारेवाले दादा म्हणाले, “ढोरे खातस ना ताई, मंग तुमना ससाले काय झाये?”

प्रश्न रास्त होता. उत्तर कळायला मला एक वाईट रात्र लागली. गवत खात नाही म्हणून मी त्याला भाकरीचा तुकडा दिला, मग भिजवलेले हरभरे, मग बिस्किट. ते तो आवडीनं खायचा. त्यामुळे पोट भरायचं आणि गवताकडे बघायचंच कारण उरायचं नाही. आठवड्यानं लेंड्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्या, आणि नवव्या दिवशी रात्री बंद. डॉक्टरांनी दात बघितले, पोट दाबून बघितलं, औषध दिलं आणि म्हणाले, “तो खात नाही ते गवत घेऊन या.” दुसऱ्या दिवशी नेलं. त्यांनी एक काडी हातात घेऊन मोडली. फटकन आवाज आला. “ही केरसुणीची काडी आहे, गवत नाही.”

फरक असा. गाय-बैल पोटात आधी आंबवतात, मग रवंथ करतात. जाड काडीला दुसऱ्यांदा चावायची त्यांना सोय आहे. सशाचं आंबवण्याचं काम लहान आतडं संपल्यावरच्या मोठ्या पिशवीत होतं, म्हणजे जे चावायचं ते तोंडातच. म्हणून तो निवडून खातो. पान, बारीक देठ, फुलोरा आधी. लाकूड झालेली काडी शेवटी किंवा नाहीच. त्याला लांब तंतू हवेतच, कारण आतडं हलतं ठेवणारे तेच, आणि दाढा झिजवणारेही तेच. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर. पेलेट तो दोन-चार चावांत संपवतो. गवताला जबडा आडवा फिरवत बराच वेळ चावावं लागतं, आणि दाढा घासल्या जातात त्या आडव्या चावण्यानं.

मग जानेवारीतच का? कारण आपल्याकडे गवत कापतात उशिरा. सप्टेंबरच्या शेवटापर्यंत पाऊस, नंतर कापूस वेचणी आणि रब्बीची पेरणी. डोंगरगवताकडे वळायला दिवाळी उलटते. तोवर बी झडलेलं असतं, पान पिवळं पडलेलं असतं, ताटाचं लाकूड झालेलं असतं. ऑक्टोबरचा थोडाफार बरा माल नाताळापर्यंत बाजारातून संपतो आणि संक्रांतीला हा उशिराचा माल येतो. ससा बदललेला नसतो, पेंढी बदललेली असते.

आता विकत घेताना मी काय बघते ते सांगते. मूठभर गवत घेऊन आधी नाकाला लावते. चांगल्या गवताला वाळल्या मेथीसारखा, किंचित गोड वास येतो. धुळीनं शिंक आली तर तिथेच ठेवते. मग रंग: हिरवट असावा, अगदी पोपटी नसला तरी चालेल, पण गव्हाच्या भुशासारखा नको. मग पान आणि काडी वेगळी करून बघते. निम्म्याहून जास्त काडीच असेल तर ते आपल्या कामाचं नाही. शेवटी पेंढीचं पोट उघडते. वरचा थर सगळेच छान लावतात.

गवताची जातही ओळखता यायला हवी. काळ्या रानाच्या बांधांवरचं मारवेल सर्वांत उत्तम: मऊ, पानाळ, दोघंही झडप घालतात. डोंगरउतारावरचं पवन्या फुलोऱ्यात कापलेलं असेल तर चांगलं. हरळी वाळवून दिली तर चालते, पण बारीक असते, खूप लागते. कुसळी मात्र घरात आणू नका. तिची कुसळं ओल लागली की पीळ सुटून स्क्रूसारखी फिरतात आणि आत शिरतात. धोतरात, पायमोज्यात अनुभव घेतला असेल तुम्ही. सशाच्या हिरडीत किंवा डोळ्यात ती गेली तर गळू होतं. रोशा गवत सुवासिक असतं, त्याचं तेल काढतात, पण त्या वासामुळेच ससा ते हुंगून बाजूला होतो. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या पेंढीत ते मिसळलेलं असू शकतं, आणि एवढ्या एका कारणावरून अख्खी पेंढी नापास होते.

पेंढीत गाजरगवत, धोत्रा किंवा घाणेरीचा पाला दिसला तर ती पेंढी वेचत बसू नका, टाकून द्या. गाय एवढं पचवून जाते असं कोणी म्हणालं तरी, गाय चारशे किलोची असते.

कडब्याचं विचारतात बरेच जण. पिकलेल्या दादरच्या वाळलेल्या कडब्याची पानं मी अधूनमधून चारते, ताटं नाही. कोवळी, हिरवी ज्वारी कधीच नाही. तिच्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो, आणि कोवळ्या ज्वारीत शेतकरी गुरंसुद्धा सोडत नाहीत ते उगाच नाही. गव्हाचा भुसा आणि भाताचा पेंढा अंथरायला ठीक, तोही धूळ झटकून. भुईमुगाचा पाला आणि लसूण घास (म्हणजे अल्फाल्फा, लसूण नव्हे) ही वेगळी गोष्ट आहे: दोन्ही द्विदल. लसूण घासात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला आणि गाभण मादीला त्याचा उपयोग. मोठ्या सशाला रोज दिलं तर जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, लघवी दह्याच्या निवळीऐवजी चुन्यासारखी घट्ट होते, आणि पुढे मूत्राशयात गाळ साठतो. ‘आमचा फक्त घासच खातो’ हे वाक्य ऐकलं की मला त्या सशाची काळजी वाटते.

ऑनलाइन मिळणारं टिमथी गवत चांगलंच असतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात जादू नाही. ते थंड प्रदेशातलं साधं गवत; अठराव्या शतकात अमेरिकेत टिमथी हॅन्सन नावाच्या माणसानं त्याचा प्रसार केला म्हणून हे नाव. फुलोऱ्यात कापून नीट वाळवतात, हेच त्याचं गुपित. तेवढं मारवेलचंही करता येतं.

ऑक्टोबरातच करून ठेवायचं काम

जानेवारीचा खरा इलाज जानेवारीत नसतो. माझ्या वहिनीचं माहेर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या बाजूला. नवरात्र संपलं की आम्ही तिकडे जातो. बांधावरच्या मारवेलला नुकता फुलोरा आलेला असतो, बी भरलेलं नसतं. तेव्हाच कापायचं. एक अट: शेजारी कापसाचं शेत असेल तर फवारणी कधी झाली, आणि बांधावर तणनाशक मारलं का, हे विचारल्याशिवाय विळा लावायचा नाही. वहिनींचे वडील आता मला बघितलं की आधीच सांगतात, “त्या बांधाला हात लावू नको, परवाच पंप मारलाय.”

दव उडाल्यावर, सकाळी नऊ-दहानंतर कापायचं. पहिला दिवस उन्हात पातळ पसरायचं, दुपारी एकदा उलटायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायचं. दुसऱ्या दिवसापासून सावलीत, वारा लागेल अशा जागी. सगळे दिवस कडक उन्हात ठेवलं तर रंग उडतो आणि पानं चुरा होऊन गळतात. हातात काड्याच येतात, म्हणजे पुन्हा जानेवारी. ऑक्टोबरच्या हवेत तीन-चार दिवस पुरतात.

वाळलं की नाही हे ओळखायला मी मिठाचा उपाय करते. मीठ तव्यावर कोरडं करून गार करायचं, काचेच्या कोरड्या बरणीत घालायचं, त्यात गवताचे बारीक तुकडे टाकून मिनिटभर हलवायचं. मीठ मोकळं राहिलं तर गवत साठवायला तयार. गोळे झाले, काचेला चिकटलं, तर आणखी एक दिवस. साठवल्यावरही पहिले पंधरा दिवस ढिगाच्या पोटात हात घालून बघते. आत ऊब लागली की ओल राहिली आहे. लगेच मोकळं करून पसरायचं.

हिशेब विचाराल तर, दोन सशांना नासाडी धरून रोज २०० ग्रॅम, म्हणजे ६ महिन्यांना ३६ किलो वाळलं गवत. ओलं गवत वाळून पाव ते तिसरा हिस्सा उरतं. सव्वाशे-दीडशे किलो ओलं कापावं लागतं. एका माणसाचं काम नाही, पण भरीत-भाकरीचा बेत ठेवला की माणसं जमतात.

हे ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच चार महिन्यांचं विकत घेऊन ठेवावं. आणि नवं गवत आणलं की जुन्यात मिसळून ८-१० दिवसांत हळूहळू बदलावं. उपाशी ठेवून ‘भूक लागली की खाईल’ हा प्रयोग सशावर करू नका. त्याचं आतडं भुकेनं शहाणं होत नाही, बंद पडतं. कमी करायचे ते पेलेट: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण २५ ग्रॅम पुरे. भाकरी, बिस्किट, दाणे पूर्ण बंद.

मे: दोष गवताचा नाही

जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. सशाला तिशी ओलांडल्यापासूनच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, उष्णता निघते ती मुख्यतः कानांतून. दुपारी तो खात नाही यात नवल नाही. पण माझ्याकडे तो रात्रीही खात नव्हता, आणि दोन उन्हाळे मी गवत बदलत राहिले.

दोष पाण्याच्या बाटलीत होता. पिंजऱ्याला लावलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी दुपारी चहासारखं तापायचं, आणि नळीतून थेंब-थेंब येणारं पाणी त्याला पुरतही नव्हतं. पाणी कमी गेलं की कोरडं गवत घशाखाली उतरत नाही. आता मातीचं जड पसरट भांडं ठेवते, दिवसातून तीनदा बदलते. गवत पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर. दुपारी ओली फरशी, आणि बर्फ केलेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. तो तिला टेकून झोपतो.

आणखी एक चूक माझी. गवताची गोणी कूलरच्या झोतात ठेवली होती. बाहेर सगळं कोरडं ठणठणीत असताना घरात एका कोपऱ्यात मी पावसाळा तयार केला होता.

श्रावण: नाकानं ठरवा

पावसाळ्यात गवत हवेतली ओल ओढतं आणि बुरशी धरतं. ससा ती आपल्याआधी ओळखतो. तेव्हा त्यानं नाकारलेलं गवत आपण हुंगावं. कुबट, जुन्या कपाटासारखा वास, पांढुरकी किंवा काळी पूड, हलवल्यावर धुरळा: फेकून द्या. उन्हात टाकून वास जातो, बुरशीचं विष जात नाही.

प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवणं ही यातली नेहमीची चूक. आतली ओल आतच फिरते. मी गोणपाटात ठेवते, लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि वरून जुनी सुती चादर. उघडीप मिळाली की गोणी गच्चीवर. जूनमध्येच सगळा साठा चार-चार किलोंच्या गोण्यांत वाटून ठेवला की एक बिघडली तरी बाकीच्या वाचतात.

या दिवसांत हिरवं मुबलक असतं म्हणून लोक वाळलं गवत बंद करतात. हिरवं द्या, पण पावसाचं पाणी झटकून, ढीग करून तापलेलं नको, आणि एकदम भरपूर नको. सवय नसलेल्या पोटाला जुलाब होतात. वाळलं गवत सोबत राहू द्याच.

जागेनंही फरक पडतो. ससा खाता-खाता लेंड्या टाकतो. ही त्याची रीत आहे. म्हणून गवताची टोपली त्याच्या शी-शूच्या ट्रेला लागून ठेवा. उंच टांगलेल्या जाळीतून गवत ओढताना कचरा डोळ्यांत पडतो, म्हणून आमच्याकडे बांबूची उथळ टोपली आहे. टोपलीही कुरतडली जाते. हरकत नाही.

गिनीपिग पाळणाऱ्यांना यातलं जवळजवळ सगळं लागू आहे. फरक एवढाच की त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि वाळल्या गवतातून ते मिळत नाही. पेरूची फोड, ढोबळी मिरची, आवळ्याचा छोटा तुकडा रोज द्यावा लागतो. गिनीपिग गवत सोडून सुस्त झाला, सांधे दुखल्यासारखा चालायला लागला, तर गवताआधी ही बाजू बघा.

महिना जुळत नसेल तर

नोव्हेंबर आहे, गवत नवं आहे, पाणी गार आहे, आणि तरी खात नाही? मग तीन मुठी समोर ठेवा: चालू गवत, दुसऱ्या गोणीतलं गवत, आणि ताजी हिरवी हरळी. दुसऱ्या गोणीवर तुटून पडला तर पहिली गोणी रिकामी करा. हिरवंच खाल्लं तर दोन्ही गोण्या हुंगा, नाहीतर पेलेट मोजा. आणि तिन्हीकडे गेला, तोंडात घेतलं, दोनदा चावून खाली टाकलं, हनुवटी ओली दिसली, तर गवताचा विषय सोडा. मागच्या दाढांना टोक आलेलं असतं, ते गालात किंवा जिभेत रुततं. पुढचे दात बघून ते कळत नाही. चिमीचं गेल्या वर्षी असंच निघालं. डॉक्टरांनी नळीला दिवा लावून आत बघितलं तेव्हा दिसलं. दाढा घासून आणल्या, आणि तिसऱ्या दिवशी तिनं तेच जुनं मारवेल खाल्लं.